झडीच्या दिवसांतला आसरा : कट्टा, खाणावळ आणि चहाचे हॉटेल

२००९ साली स्थापन झालेल्या कर्नाटक केंद्रीय विद्यापीठाचा परिसर कडगंचीच्या माळावर उभा राहिला, तेव्हापासून कलबुर्गी-आळंद रस्त्यावर एक नवा वर्ग दिसू लागला आहे. पाठीवर पिशवी, पिशवीत लॅपटॉप, आणि आभाळ भरून आले की चेहऱ्यावर एकच प्रश्न : तास-दोन तास निवांत बसता येईल, जमल्यास थोडे लिहून-वाचून होईल, असा एखादा कॅफे या भागात कोठे सापडेल? लातूर, धाराशिव, सोलापूरकडील मराठी मुले हा प्रश्न आम्हांस विचारतात, तेव्हा त्यांना पत्ता सांगण्यापूर्वी थोडा इतिहास सांगण्याचा मोह आवरत नाही. कारण ज्या गोष्टीला ती आज ‘कॅफे’ म्हणतात ती या सीमाभागात नवी नाही. नवा आहे तो शब्द.

प्रथम पावसाविषयी. आमचा हा मुलूख कोकणासारखा पावसाचा नव्हे. मृग कोरडा गेला तर माणसे आभाळाकडे पाहत बसतात. पण जेव्हा लागतो तेव्हा तो दोन-दोन, तीन-तीन दिवस बारीक धारेने लागतो. मराठीत आपण त्याला ‘झड लागली’ असे म्हणतो. शेजारी बसलेला कन्नड शेतकरी त्यालाच ‘जडिमळे’ म्हणतो. ‘झड’ आणि ‘जडि’ यांचे नाते सांगण्यास भाषापंडिताची गरज नाही, दोघांची छत्री एकच असावी इतके ते उघड आहे. झड लागली की काळी जमीन पाय धरून ठेवते. पाऊस उघडला तरी लगेच शेतात जाता येत नाही. वाफसा यावा लागतो. वाफसा येईपर्यंत औत बंद, कोळपे बंद, आणि कामाची सवय असलेला माणूस नाइलाजाने बसून. तुरीच्या या प्रदेशात सक्तीची विश्रांती ही पावसाचीच देणगी होय. आणि विश्रांती सक्तीची असली की बसण्याची जागा लागते. घरात बाया-मुलांची दाटी, धुराने भरलेले स्वयंपाकघर. म्हणून पुरुष बाहेर पडतात. ही जागा बराच काळ पुरुषांचीच होती, हे येथेच नोंदवून ठेवलेले बरे. आज विद्यापीठातील मुली त्याच बाकावर वही उघडून बसतात. गेल्या पंधरा वर्षांतला हा सर्वांत मोठा बदल आहे असे आम्हांस वाटते.

ही जागा म्हणजे कट्टा. मराठी माणसास हा शब्द इतका आपला वाटतो की मुंबईत शिवाजी पार्कावर बसणाऱ्यास तो कन्नडातून आला असे सांगितले तर नवल वाटेल. कन्नडात ‘कट्टु’ म्हणजे बांधणे, आणि ‘कट्टे’ म्हणजे बांधलेला चौथरा, पार, बांध. गप्पांना कन्नडात ‘हरटे’ म्हणतात, आणि जेथे गप्पा रंगतात ती ‘हरटे कट्टे’. आपला ‘गप्पांचा कट्टा’ हा त्या जोडशब्दाचा जवळजवळ सख्खा भाऊ आहे. शब्दाबरोबर दगडही आमच्याकडूनच गेला. ज्या शहाबादी फरशीचे ओटे आणि कट्टे साऱ्या महाराष्ट्रात दिसतात, ते शहाबाद याच कलबुर्गी जिल्ह्यातले. पुण्याच्या वाड्यात स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहणारी गृहिणी रोज आमच्या जिल्ह्याच्या दगडावर भाजी चिरते. सीमावादाच्या सभांत ही गोष्ट कोणी सांगत नाही.

कडगंचीचे नाव मराठी वाङ्मयात कसे आले हेही येथे सांगावयास हवे. श्रीगुरुचरित्राचे कर्ते सरस्वती गंगाधर हे कडगंचीच्या सायंदेवांच्या वंशातले. आपणास महाराष्ट्र भाषा अवगत नाही असे हा ग्रंथकर्ता स्वतःच सांगतो, आणि मग हजारो ओव्या मराठीत लिहितो. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने पाहावा. आम्ही येथे केवळ भाषेची साक्ष नोंदवीत आहोत. ज्याच्या घरात बहुधा कन्नड बोलली जात होती अशा माणसाने लिहिलेला ग्रंथ आज मराठी घराघरांत वाचला जातो. गाणगापूर येथून फार दूर नाही. महाराष्ट्रातून तेथे येणारा यात्रेकरू कडगंचीलाही थांबतो, आणि पावसात अडकला की त्याला जेवणाची व पडवीची गरज लागते.

त्या गरजेने दुसरा शब्द इकडून तिकडे नेला. उत्तर कर्नाटकात कोठेही जा, जेवणाच्या घरगुती ठिकाणावर ‘खानावळी’ अशी कन्नड अक्षरांतील पाटी दिसते. बेंगळुरू-म्हैसूरकडील माणसास ती पाटी वाचता येते, पण तिची गोडी त्याला ठाऊक नसते. कारण तो शब्द आपल्या ‘खाणावळी’चा आहे. कन्नडाने आम्हांस बसण्यास कट्टा दिला, मराठीने कन्नडास जेवण्यास खाणावळ दिली. ज्वारीची भाकरी मात्र एकच. तिकडे तिला ‘रोट्टी’ म्हणतात इतकेच.

आता चहा. हे पेय आपल्याकडे इतके मुरले आहे की ते उपरे आहे हे विसरायला होते. चिनी भाषेतील एका बोलीत ‘चा’ आणि दुसऱ्या बोलीत ‘ते’, अशा दोन उच्चारांतून जगातील बहुतेक साऱ्या भाषांतील या पेयाची नावे निघाली. ‘ते’ डचांच्या गलबतांतून युरोपात गेला आणि इंग्रजांचा ‘टी’ झाला. ‘चा’ खुष्कीच्या वाटेने इराणात जाऊन ‘चाय’ झाला, तेथून उर्दू-हिंदीत आला; आणि तोच ‘चा’ मकावहून समुद्रमार्गे पोर्तुगीजांनी उचलला. मराठीचा ‘चहा’ बहुधा या पोर्तुगीज वाटेने किनाऱ्यास लागला असावा. कपाखालच्या ‘बशी’चे मूळही पोर्तुगीजात शोधणारे विद्वान आहेत. आळंदच्या बाजारात एका बाकावर हा सारा प्रवास एकत्र बसलेला आढळतो. मराठी माणूस ‘चहा’ मागतो. त्याच्या शेजारचा कन्नड माणूसही ‘चहा’ किंवा ‘चा’ म्हणतो. दखनी बोलणारा ‘चाय’ म्हणतो. आणि बेंगळुरूहून आलेला प्राध्यापक ‘टी’ मागतो. खुष्कीचा व्यापारी, गलबतावरचा पोर्तुगीज आणि डच अशा तिघांचे वारस एकाच किटलीतून पितात, आणि पैसे देताना मात्र प्रत्येक जण दुसऱ्याचा हात धरतो!

चहा गावोगावी पोहोचला तो फार उशिरा. १९०३ साली सरकारने चहावर उपकर बसविणारा कायदा केला आणि त्या पैशातून चहाच्या प्रसाराची मोहीम पुढे चालली. रेल्वे स्थानकांवर दुकाने मांडली, देशी भाषांतून चहा कसा करावा याची चित्रे लावली. मुंबईहून सोलापूर, गुलबर्गा, वाडीवरून जाणारा लोहमार्ग १८७१ साली रायचूरला पोहोचलेला होता. त्या मार्गावरच चहाची सवय आमच्या जिल्ह्यात उतरली असे मानण्यास हरकत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाणेदार स्वस्त चहा आला, तेव्हा तो शेतमजुराच्याही आवाक्यात आला.

परंतु चहा परवडणे ही एक गोष्ट आणि चहाच्या दुकानात बसता येणे ही दुसरी. येथे आमच्या व्यवसायाचा स्वभाव आड येतो. हा भाग थोडा विस्ताराने सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यात पंच हौद मिशनच्या जागेत एक व्याख्यान झाले आणि नंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती, यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापवून आणली आणि सनातनी पुण्यात वादळ उठले. प्रकरण करवीर-संकेश्वर पीठाच्या शंकराचार्यांकडे गेले. हे संकेश्वर आज बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे सीमेच्या कर्नाटकाकडील बाजूस आहे. चौकशी झाली. प्यायले कोण, नुसता पेला हाती धरला कोण, पिणे हे पाप की पाजणाऱ्याचा धर्म हे पाप, असा खल चालला. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगून स्वतःची बाजू मांडली. रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले आणि सुधारक मित्रांचा रोष ओढवून घेतला. एका पेल्यावर एवढी साक्षी-पुराव्याची झोड आजच्या फौजदारी न्यायालयातही क्वचितच उठते. हसू येते, पण त्या हसण्यात एक गोष्ट निसटू नये. हे सर्व लोक वरिष्ठ जातींचे, शिकलेले, मान्यवर होते. त्यांना परक्या घरी चहा घेतल्याबद्दल जाब द्यावा लागला. ज्यांना कोणी चहा विचारतच नव्हते, त्यांचे नाव त्या यादीत असण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या यादीबाहेरच्या माणसाचा चहा कोल्हापुरात उकळला. संस्थानच्या तबेल्यात काम करणारे गंगाराम कांबळे यांनी राखीव हौदाचे पाणी घेतले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलेच, शिवाय गंगारामांस स्वतंत्र धंदा करण्यास सांगितले. त्यांनी ‘सत्यसुधारक हॉटेल’ काढले. महाराज तेथे गाडी थांबवीत, चहा मागवून स्वतः पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यावयास लावीत. राजाने पाजलेला चहा नाकारण्याची सोय कोणास नव्हती. कोणताही हुकूम न काढता घडवून आणलेली ही सुधारणा आम्हांस अनेक हुकुमांपेक्षा मोठी वाटते.

तरी राजे सर्वत्र नसतात, म्हणून कायदा लागतो. घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या कारणाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेश नाकारण्यास मनाई केली. सतराव्याने अस्पृश्यताच नष्ट केली. आणि १९५५ च्या अधिनियमाने अशा ठिकाणी प्रवेश अडविणे किंवा तेथील भांडी वापरू न देणे हा दंडनीय अपराध ठरविला. आज तो अधिनियम नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने ओळखला जातो. संविधानकर्त्यांनी मूलभूत हक्कांच्या प्रकरणात हॉटेलाचा नावानिशी उल्लेख करावा, यावरून त्या बाकाचे मोल ध्यानी यावे. वेगळे ठेवलेले पेले दक्षिणेत अजूनही अधूनमधून खटल्यांत आणि अहवालांत दिसतात. पावसात निवांत बसण्याची जागा शोधणाऱ्या तरुणास हे सारे जड वाटेल. पण ज्या बाकावर तो जात न सांगता बसतो, ती मोकळीक त्याच्या आजोबांच्या पिढीस सहज मिळालेली नव्हती.

राज्यकर्त्यांना अशा जागांची धास्तीही वाटत आली आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६७५ च्या डिसेंबरात कॉफीगृहे बंद करण्याची घोषणा काढली, कारण तेथे बसून लोक दरबाराविषयी बोलतात. इतका गदारोळ झाला की अंमल सुरू होण्यापूर्वीच, जानेवारीत, ती मागे घ्यावी लागली.

आमचा जिल्हा १९५६ पर्यंत निजामाच्या म्हणजे हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे चहाच्या हॉटेलाचा आमचा नमुना पुण्याचे अमृततुल्य नसून हैदराबादचे इराणी हॉटेल हा होय. संगमरवरी माथ्याचे मेज, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, दूध वेगळे आणि चहाचा काढा वेगळा उकळलेला, आणि एका पेल्यावर कितीही वेळ बसण्याची मुभा. यझद-किरमाण या भागांतून आलेल्या इराण्यांनी ही रीत मुंबई, पुणे आणि हैदराबाद या तिन्ही शहरांत रुजविली. मुंबईचे कयानी १९०४ चे, पुण्याचे गुडलक १९३५ चे. हैदराबादी रीत राज्यातील लहान गावांत पोहोचली तेव्हा संगमरवराच्या जागी शहाबादी फरशी आली आणि इराणी मालकाच्या जागी गावातलाच कोणी; पण बसू देण्याची रीत टिकली. तिच्याबरोबर शब्दही टिकले : ‘पौना’ म्हणजे दूध अधिक असलेला चहा, ‘खडे चम्मच की चाय’ म्हणजे चमचा उभा राहील इतकी साखर. मुंबईची ‘कटिंग’ आणि कर्नाटकाची ‘बाय टू’ हे त्याच काटकसरीचे दोन अनुवाद. एक चहा दोघांत वाटून घेणे ही या देशाची खरी राष्ट्रभाषा असावी.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी रेषा आखल्या गेल्या. बिदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले, उरलेला बहुतेक जिल्हा म्हैसूर राज्यात. गुलबर्गा जिल्हा कोडंगल व तांडूर वगळून म्हैसूरकडे आला. एकाच तालुक्याच्या बाजाराला येणारी गावे दोन राज्यांची झाली. कचेरीची भाषा उर्दूवरून कन्नडवर आली, शाळांची भाषा बदलली. हॉटेलातल्या पोऱ्याने मात्र अधिसूचना वाचली नाही. तो गिऱ्हाइकाचे तोंड पाहून भाषा बदलीत राहिला, आणि अजूनही बदलतो.

त्याच्या थाळीत येणारा एक पदार्थ आम्हांस विशेष प्रिय आहे. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन, वर शेंगदाणे-डाळ्यांचे कूट घालून जो नाश्ता होतो, त्याला कन्नड मुलखात ‘सुसला’ म्हणतात. सीमा ओलांडून लातूर-सोलापूरकडे गेलात की तोच पदार्थ ‘सुशीला’ होतो. आमची समजूत अशी की मूळ शब्दाचा अर्थ लागेना, तेव्हा मराठी जिभेने त्याला ओळखीच्या स्त्रीनामाचा साज चढविला. लोकव्युत्पत्तीचे याहून गोड उदाहरण सापडणे कठीण. सुशीलेसोबत मिरचीची भजी हवीच. तेथेही पाहा : दक्षिण कर्नाटकात ती ‘बज्जी’ असते, आमच्याकडचा कन्नड माणूस तिला मराठी वळणाने ‘भजी’ म्हणतो. हिशेब फिटावा म्हणून आठवण करून देतो की मुंबईकरांची सकाळ उडुपी हॉटेलांच्या इडली-डोशावाचून सुरू होत नाही, माटुंग्याचे ए. रामा नायक यांचे उडुपी भोजनगृह १९४२ पासून तेथे केळीच्या पानावर जेवू घालीत आले आहे.

पाट्यांचा वाद आता न्यायालयांपर्यंत आणि विधिमंडळांपर्यंत गेला आहे. कर्नाटकाने २०२४ साली दुरुस्ती करून फलकावरील साठ टक्के जागा कन्नडासाठी बंधनकारक केली. महाराष्ट्रानेही मराठी पाट्यांची सक्ती केली आहे. राज्यभाषेचा मान राखला जावा यात आमचा वाद नाही. अल्पसंख्य भाषेलाही उरलेल्या जागेत स्थान असावे ही आमची जुनी मागणी आहे आणि ती आम्ही अन्यत्र मांडली आहे. येथे प्रश्न वेगळा आहे. कलबुर्गी शहरात जी नवी काचेची, थंडगार, मऊ कोचांची कॅफे निघाली आहेत, त्यांची पाटी कायद्यानुसार कन्नड आहे. आत गेल्यावर हाती येणारे पदार्थपत्रक मात्र नखशिखान्त इंग्रजी. त्यात ‘चहा’ नाही, कन्नड अक्षरांतलाही नाही. सुसला नाही, सुशीला नाही, पौना नाही. आपण दोघे भाऊ दारावरच्या पाटीसाठी भांडत राहिलो आणि दाराच्या आत दोघांचीही भाषा उठून गेली. ‘कॅफे’ या शब्दावर आमचा राग नाही. तोही अरबी ‘कहवा’ तुर्कस्तान-फ्रान्स करीत आलेला प्रवासीच आहे. १९९६ साली बेंगळुरूच्या ब्रिगेड रस्त्यावर संगणकासह कॉफी देणारे दुकान निघाले तेव्हापासून तो आपल्या तरुणांच्या तोंडी रुळला, आणि संगणक घेऊन बसण्याची सवयही तेथूनच पसरली. रुळू द्यावा. शब्द येण्याने भाषा मरत नाही. जुने शब्द वापरण्याची जागा गेली की मरते.

तेव्हा विचारणाऱ्या मुलांना आमचे सांगणे असे. विजेची जोडणी, इंटरनेट आणि चार तासांचे सलग काम हवे असेल तर कलबुर्गीस जा किंवा सरळ विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसा; त्यात कमीपणा नाही. पण एखादे टिपण वाचावयाचे असेल, पत्र लिहावयाचे असेल, किंवा काहीच करावयाचे नसेल, तर बसस्थानकाजवळचे पत्र्याच्या छपराचे हॉटेल पाहा. छपरावर सर आली की शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही, हा त्याचा मोठा गुण. भिंतीकडचा बाक धरा, कारण पुढच्या बाकावर पावसाचे तुषार येतात आणि कागद भिजतात. बाजाराच्या दिवशी आणि सकाळी बस सुटण्याच्या वेळी तेथे बसून राहणे योग्य नव्हे. मालकाचा तो धंद्याचा वेळ. दुपारी दोन ते चार कोणी उठवीत नाही. आमच्या उमेदवारीच्या काळात तालुक्याच्या न्यायालयासमोरील अशाच एका बाकावर अर्जनवीस, पक्षकार आणि नवशिके वकील एकत्र बसत. कित्येक दाव्यांच्या कैफियती तेथे तोंडी ठरल्या आणि मग कागदावर उतरल्या. ‘वकील’, ‘कैफियत’, ‘कचेरी’ हे शब्द मराठी व कन्नड दोन्हींत सारखेच असल्याने पक्षकाराची भाषा कोणती याने काम अडत नसे.

आणखी एक काम ही मुले करू शकतील. चहा गाळण्याचे फडके, किटली ठेवण्याची चूल, उधारीची वही, पेले विसळण्याचे भांडे, अर्धा चहा, पुन्हा उकळलेला चहा, या प्रत्येकास आळंद, बसवकल्याण, भालकी, औराद येथील हॉटेलांत काय म्हणतात ते मराठी, कन्नड आणि दखनी अशा तीन रकान्यांत लिहून घ्यावे. शब्द सांगणाऱ्याचे वय आणि गाव तेवढे सोबत टिपावे, नाव नको. चाळिशीच्या आतला आणि साठीच्या पुढचा असे दोन सांगणारे मिळाले तर फरक लगेच दिसेल. याद्या आमच्याकडे धाडल्यास पुढील लेखात त्या छापू.